मनोहरनं न केलेलं भाषण

घरदार विकून गाडीत राहायला गेलेल्या माणसाकडे आपली मंडळी कशी बघतात, हे मनोहर पिंपळकरला पाठ होतं. आधी तोंडभर कौतुक, मग बारीक चौकशी, आणि माणसानं पाठ फिरवली की कीव. ॲन आर्बरमधलं चांगलं चार बेडरूमचं घर फुंकून टाकलं, आणि आता म्हणे आरव्हीत राहतो, संडासाची टाकी स्वतः रिकामी करतो!

टाकी तो खरंच स्वतः रिकामी करायचा. कंपनीनं लवकर निवृत्त व्हायची संधी दिली, तशी त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. वीणाला लायब्ररीतली नोकरी सोडायला लावली आणि हे भलंमोठं मोटरहोम घेतलं. हिवाळा आरिझोनात, उन्हाळा उत्तरेला. लोकांना वाटायचं, हौस. हौस होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. कॅम्पग्राउंडवरचा शेजारी फार तर ‘कुठून आलात?’ एवढंच विचारतो. ‘मिशिगन’ म्हटलं की त्याचं समाधान होतं आणि तो आपल्या शेगडीकडे वळतो. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, यातलं तो काही विचारत नाही.

ॲन आर्बरच्या मराठी मंडळात मात्र वीस वर्षं हेच प्रश्न हसत हसत येत राहिले आणि वीस वर्षं मनोहर हसत हसत खोटं बोलत राहिला. तो भंडाऱ्याकडचा, बौद्ध. वडिलांनी शाळेत गावावरून लावलेलं आडनाव कुठल्याही जातीत खपण्यासारखं होतं आणि त्यानं ते खपवलं. कुलदैवत विचारलं तर ‘तुळजापूरची भवानी’ हे उत्तर ओठांवर तयार असे. मंडळातलं कोणी घरी यायचं असलं की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो टॉवेलांच्या कपाटात जायचा आणि त्या खिळ्यावर कॅलेंडर चढायचं. लहानपणी दीक्षाला, म्हणजे त्याच्या मुलीला, वाटायचं की पाहुण्यांआधी व्हॅक्यूम करतात तशीच ही एक आवराआवर. फोटो कधीकधी तीच नेऊन ठेवायची. चौदाव्या वर्षी तिला त्याचा अर्थ कळला. तेव्हापासून बापाशी तिचं कामापुरतंच बोलणं उरलं.

त्या दीक्षानं फेब्रुवारीत फोनवर सांगितलं, की ती लग्न करतेय.

"त्याचं नाव कुशल. नागपूरचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये. बौद्ध आहे, बाबा. लग्न इथेच ॲन आर्बरला करणार, ऑक्टोबरमध्ये, आपल्या पद्धतीनं, सगळ्यांसमोर. बट देअर इज वन थिंग. आपण कोण आहोत, हे लोकांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"मी?"

"जयंतीच्या शनिवारी शशिकांतकाकांकडे सगळ्यांना बोलावते. तू ये आणि सांग. तेवढंच हवंय मला तुझ्याकडून."

मनोहर "बघू" म्हणाला. एप्रिल आला तसं त्यानं कॅम्पग्राउंडच्या फोनवरून कळवलं, की गाडीचं ट्रान्समिशन गेलंय, येणं कॅन्सल. ट्रान्समिशनला काहीएक झालेलं नव्हतं. त्या शनिवारी तो दिवसभर हातात पाना घेऊन मोटरहोमखाली पडून होता. कोणाला दाखवायला, कोण जाणे! तिथे वीणाशिवाय बघणारं कुणी नव्हतं आणि तिला तर सगळंच माहीत होतं. तिनं संध्याकाळी चहाचा कप चाकापाशी नेऊन ठेवला आणि आत गेली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही तो बाहेर आला नाही.

मग जूनमध्ये शशिकांतचा निरोप आला. सगळे जमतोय, या. आता न जाणं म्हणजे मुलगी कायमची गमावणं, हे वीणानं त्याला एकदाच आणि स्पष्ट सांगितलं.

"माझं बोलणं होतं तिच्याशी," वाटेत ती म्हणाली. "खुशीत असते. पण तुझी चौकशी करत नाही, बघ. बाबा कसा आहे, एवढंही नाही."

"रागावली असेल."

"राग असता तर मला कळला असता," वीणा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ते शनिवारी दुपारी पोचले. शहर होतं तसंच होतं. सायकलवरचे विद्यार्थी, ह्युरॉन नदीवर भाड्याच्या होड्या. त्यांच्या जुन्या घराच्या खिडक्यांना नव्या मालकानं हिरवा रंग दिला होता. वीणानं "हळू घे जरा" म्हटलं, पण मनोहरनं वेग कमी केला नाही.

शशिकांत दारातच उभा होता. मनोहरचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र. त्यानं हातवारे करत मोटरहोम ड्राइव्हवेत मागे घ्यायला लावलं, गराजमधून विजेची लांब वायर आणून जोडली आणि मनोहरच्या पाठीत थाप घातली.

"आणलीस एकदाची! वीणा, काल रात्री फोनवर म्हणत होता, सकाळी जाऊन गाडी आणि बायको दोन्ही घेऊन येतो. म्हटलं, आण बाबा, दोन महिने बिनबायकोचा हिंडतोयस."

शशिकांतला थट्टेची सवय होती. मनोहर हसला. काल रात्री तो इंडियानातल्या एका कॅम्पग्राउंडवर होता आणि त्यानं कुणालाही फोन केला नव्हता.

आत शोभना, शशिकांतची बायको, पुऱ्या लाटत होती. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून मनोहरकडे इतक्या मायेनं बघितलं की तो संकोचला.

"तुला परत एकदा सांगते. त्या दिवशी तू जे बोललास ना, त्याला छाती लागते. आम्हालाच लाज वाटली रे. वीस वर्षं तुला आमच्यात असं राहावं लागलं."

"दोन घरं यायची बंद झाली," शशिकांत म्हणाला. "जाऊ देत. बरं झालं, कळलं तरी."

मनोहरच्या लक्षात आलं. दीक्षानं स्वतःच सांगून टाकलं असणार. कदाचित त्याच्या वतीनं काहीतरी लिहून आणून वाचलं असेल. त्याला आधी राग आला, आणि मग, हे कबूल करायला हवं, त्याला अतिशय हलकं वाटलं. काम झालं होतं आणि त्याला तोंड उघडावं लागलं नव्हतं. ‘मी बोललो नाही, मी इथे नव्हतो,’ एवढंच म्हणायचं होतं. तो "चालायचंच" म्हणाला.

वीणा त्याच्याकडे बघत होती.

मागच्या अंगणात शेगडीवर कणसं भाजत एक उंच मुलगा उभा होता. मनोहरला बघताच त्यानं चिमटा खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "जय भीम, काका!"

मनोहरची मान आपोआप वळली. आजूबाजूला कोण आहे? तीन-चार ओळखीचे चेहरे, सगळे हसतमुख. "नमस्कार, नमस्कार," तो पुटपुटला.

मुलाचं हसू जरा गोंधळलं. "काय यार काका, तुम्हीच तर सगळ्यांना म्हणायला लावलं. आता तुम्हीच नमस्कार?"

हा कुशल. होणारा जावई. मनोहर त्याला पहिल्यांदाच बघत होता, पण कुशल काही पहिल्यांदा बघत नव्हता. त्यानं आपणहून एक कणीस निवडून, तिखट न लावता नुसतं लिंबू चोळून मनोहरच्या हातात दिलं. मनोहरला अल्सर होता. कणीस तो तसंच खायचा.

थोड्या वेळानं दीक्षा युनिव्हर्सिटीतलं काम आटपून आली. आली ती थेट वीणाच्या गळ्यात पडली. "आई! फायनली!" मग ती मनोहरकडे वळली, आणि चौदा वर्षांची झाल्यापासून तिनं जसं बघितलं नव्हतं तसं तिनं बघितलं. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"बाबा, आरव्ही आणायला जाताना बर्फ आण म्हटलं होतं ना? विसरलास?"

"विसरलो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ती इतकी गोड हसत होती.

शोभनानं पुऱ्यांची परात बाहेर आणली आणि वीणाशेजारी बसली. "वीणा, सगळ्यांत मला काय लागलं सांगू? त्याच्या आईचं. रत्नाबाई एवढ्या लांबून कॉलेजात आल्या, निकाल ऐकायला. जिन्याखाली उभ्या होत्या. आणि यानं मित्रांना सांगितलं, की ही गावाकडची ओळखीची बाई आहे, कामाला येते आमच्याकडे. त्यांनी ऐकलं आणि ‘हो’ म्हणाल्या. ‘हो, कामाला येते मी.’ हे सांगताना कसा थरथरत होता तो."

मनोहरच्या हातातलं कणीस खाली पडलं.

ही गोष्ट त्यानं जगात कोणाला सांगितली नव्हती. दीक्षाला नाही, वीणाला नाही. आईला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जिन्याखाली त्या दिवशी जे मित्र होते, त्यांना ती बाई त्याची आई होती हे ठाऊकच नव्हतं.

वीणा उठली. "मनोहर, जरा गाडीपाशी ये. पाण्याचा पाइप बघायचाय."

मोटरहोमच्या सावलीत ती त्याच्यासमोर उभी राहिली. "आईंचं खरं आहे हे?"

त्यानं वाकून पाण्याच्या पाइपचा जोड उगाच आवळला.

"मला नाही सांगितलंस कधी."

"वीणा, मी कोणालाच नाही सांगितलं."

"ते कळतंय मला. एप्रिलमध्ये तू या गाडीखाली पडला होतास, मी स्वतः चहा आणून दिला. मग इथे कोण आलं होतं?"

ऊन चांगलं लख्ख होतं. शेजारच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते. असल्या दुपारी असला प्रश्न मूर्खपणाचा वाटतो, आणि मनोहर तर इंजिनिअर. "काहीतरी गैरसमज झालाय," तो म्हणाला. "दीक्षाला कुठून तरी कळलं असेल. आईनं तिला सांगितलं असेल."

"आई गेल्या तेव्हा दीक्षा तेरा वर्षांची होती. बरं, समजा सांगितलं. मग आत जाऊन म्हण, की तो मी नव्हतो."

"आता? सगळे इतके खूश आहेत. दीक्षा बघ ना कशी वागतेय माझ्याशी. ते जे काय झालं ते चांगलंच झालंय की. मी कशाला मोडू?"

वीणानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. वीस वर्षं तो कॅलेंडर टांगत असताना ती अशीच बघायची. "जो कोणी आला होता, त्यानं केलेलं घ्यायचं तर घे, मनोहर," ती शेवटी म्हणाली. "नुसतं फुकटात नको घेऊ. कोणी विचारलं तर निदान आज तरी खरं बोल. माझी एवढीच विनंती आहे."

"बोलीन," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरंच करायचं होतं.

जेवणं आत, एअर कंडिशनिंगमध्ये झाली. ताटं घेऊन सगळे हॉलभर पसरले. सोफ्यावर शशिकांतची आई बसली होती. अहिल्यामावशी, पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. त्यांना येऊन आठवडाच झाला होता. एप्रिलमधलं त्यांना काही माहीत नव्हतं.

"बसा हो इथे," त्या मनोहरला म्हणाल्या. "तुमचं फार ऐकलंय शशीकडून. पिंपळकर म्हणजे मूळचे कुठले? कुलदैवत कोणतं तुमचं?"

हॉलमध्ये कोणीही दचकलं नाही. उलट लोकांनी बोलणी थांबवली आणि हसऱ्या चेहऱ्यांनी मनोहरकडे माना वळवल्या. त्यांचा मनोहर काय उत्तर देतो, ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते परत ऐकायचं होतं. दीक्षा कुशलच्या खांद्याला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मनोहरला त्याच्याकडे बघवेना.

कठीण असं काहीच राहिलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं एक वाक्य फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं.

त्यानं तोंड उघडलं.

"तुळजापूरची भवानी," तो म्हणाला.

अगदी सहज आलं ते. सराईत, थोडंसं हसूही घेऊन.

"अगबाई! मग आमचीच की," अहिल्यामावशी म्हणाल्या.

कोणाचा तरी चमचा ताटात वाजला. मनोहरच्या कानांपर्यंत रक्त चढलं. त्याला ते वाक्य परत घ्यायचं होतं, पण जीभ हलेना.

"आम्ही बौद्ध आहोत, मावशी," वीणा शांतपणे म्हणाली. "आमच्यात कुलदैवत नसतं. माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये बौद्ध पद्धतीनं लग्न करतेय, तुम्ही तोवर थांबा." मग तिनं मनोहरकडे बघितलं, रस्त्यात वाट विचारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. "यांचं मला काही माहीत नाही."

मनोहरनं दीक्षाकडे बघितलं. तिचा राग त्याला चांगला परिचयाचा होता. तिच्या चेहऱ्यावर तो राग असता तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, अगदी आपुलकीनं, "तुम्ही उभे का? बसा ना. कोणाबरोबर आलात तुम्ही?"

शशिकांत कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहत होता. नाव आठवत नसलं की तो तसं बघायचा.

"दीक्षा," मनोहर म्हणाला. "बेटा."

ती नम्रपणे हसली. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाशी हसावं तशी.

बाहेर गाडीचं दार लागलं.

"आला!" शशिकांत खिडकीकडे धावला. "बर्फ घेऊन आला एकदाचा. इतका वेळ लागतो होय रे?"

सगळे हसले. सगळे दाराकडे गेले. मधे इतकी माणसं होती की मनोहरला नीट दिसलं नाही. पांढऱ्या केसांचा मागचा भाग दिसला. दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या. उजवा पाय किंचित ओढत चालण्याची, थेट मनोहरचीच लकब.

वीणा सगळ्यांच्या मागे होती. ती थांबली. मनोहरला वाटलं, ती आता ओरडेल.

तिनं पुढे होऊन त्या माणसाच्या एका हातातली पिशवी घेतली. रोज घेत असल्यासारखी.

"किती उशीर," ती म्हणाली.

मनोहर स्वयंपाकघराच्या काचेच्या दारातून मागे उतरला. त्याचे बूट पुढच्या दारापाशी, इतरांच्या बुटांच्या ढिगात होते. तो मोज्यांवर ओल्या हिरवळीतून चालत गेला. कोणी हाक मारली नाही.

मोटरहोममध्ये वीणाचा स्वेटर हुकवर नव्हता. घालून गेली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जूनमध्ये. बाथरूममध्ये एकच टूथब्रश होता. त्यानं दुसरा शोधला नाही. तो ड्रायव्हरच्या जागी बसून राहिला, स्टिअरिंगवर हात ठेवून. अजून परत जाता येईल, त्याच्या मनात आलं. जाऊन, सगळ्यांदेखत, ते एक वाक्य म्हणायचं. तो उठला आणि परत बसला. परत उठला आणि परत बसला.

दारावर टकटक झाली.

दीक्षा होती. एका हातात त्याचे बूट, दुसऱ्या हातात फॉइलनं झाकलेली कागदी प्लेट.

"काका, तुमचे शूज. अँड प्लीज हे घेऊन जा. तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

"दीक्षा, माझं ऐक. आत जो माणूस…"

"बाबांनीच पाठवलंय," ती म्हणाली. "ते म्हणाले, त्यांना आत ये म्हणू नकोस, ते यायचे नाहीत. बाहेरच नेऊन दे."

मिशिगनमध्ये वाढलेली पोर. त्या शब्दांत काय होतं, ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्यानं ते सांगितलं त्याला मात्र पक्कं ठाऊक होतं.

मनोहर पायरी उतरून खाली आला. त्यानं प्लेट घ्यायला हात पुढे केले. दोन्ही हात आपोआप एकमेकांना जुळून त्यांची ओंजळ झाली, पाठ थोडी वाकली, आणि प्लेट हातात पडेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.